शेताचं तेवढं बघा

माझी सगळी नोकरी आणि नोकरीबाहेरचं बरंचसं आयुष्य एका गवताच्या मागे गेलं. पाहुण्यांना सांगताना मी त्याला 'रानटी भात' म्हणते, म्हणजे निदान समोरच्याची मान हलते. जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरकडे, त्याला देवभात म्हणतात. तळ्याच्या काठानं, डबक्यात, भाताच्या खाचरात तो आपला आपण उगवतो. दाणा बारीक, साल काळपट, टोकाला बोटापेक्षा लांब कुसळ. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे दाणा पिकला की ओंबीवर थांबत नाही, चिखलात गळून पडतो. आपण शेतात लावतो तो भात याच्याच भावकीतला. फक्त आपला भात दाणा धरून ठेवतो आणि कापणीची वाट बघतो.

हा फरक कसा पडला, हा माझा प्रश्न होता. पीएच.डी.च्या नोंदणीच्या अर्जावर वनस्पतींचं पुनरुत्पादन आणि उत्क्रांती असा भारदस्त विषय लिहिला होता, पण आतला मुद्दा साधा होता. देवभात आणि घरचा भात यांचा संकर केला, तर पोरं कुणावर जातात? आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांना मोकळं सोडलं, तर ती रानाकडे परततात की घराकडे येतात? भाताची एक पिढी म्हणजे एक पावसाळा. घाटघरला भात वर्षातून एकदाच होतो. मला सहा पिढ्या हव्या होत्या, म्हणजे सहा वर्षं. नव्वदीच्या सुरुवातीला, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, सहा वर्षं हा मोठा आकडा वाटत नव्हता.

आमचं घर निरगुडसरचं. कालव्याचं पाणी, ऊस, कांदा, बटाटा. आमच्याकडे गवत हा विषय फक्त खुरपं आणि औषध मारायचा पंप यांच्या संदर्भात निघतो. माझा भाऊ आल्या-गेल्याला सांगायचा, "समदं गाव गवात उपटतंय आन् आमची बहीण डोंगरात जाऊन गवात लावतीय. त्याचा पगार मिळतो म्हनं." पगार मिळायचा तो कॉलेजात शिकवण्याचा, गवताचा खर्च माझा मलाच होता. पण भावाशी वाद घालण्यात मी कधी शक्ती घालवली नाही. ती प्रवासाला लागायची.

शनिवारी दुपारी तास संपले की निघायचं. कळंबला नाशिक रस्त्यावर उभं राहायचं, येईल त्या एस.टी.ला हात करायचा, नारायणगावला उतरायचं, तिथून जुन्नर, आणि जुन्नरहून घाटघरची मुक्कामी गाडी. रविवारी काम करून सोमवारी पहाटेच्या त्याच गाडीनं परत, थेट पहिल्या तासाला. पावसाळ्यात माझ्या साडीच्या काठाला कायम चिखलाची एक रेघ असायची आणि मुली फळ्याकडे बघण्याऐवजी त्या रेघेकडे बघायच्या.

घाटघरला मी ज्यांच्याकडे उतरायचे त्या मावशी. नात्यानं माझ्या कुणी नव्हत्या. पहिल्या वर्षी तळ्याकाठी देवभाताच्या ओंब्यांना कागदी पिशव्या बांधत बसले होते, तेव्हा ही बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन थांबली आणि म्हणाली, "ताप आलाय का त्यास्नी, टोपडी घातलीत ती?" मी सांगितलं की मी यांचा संकर करतेय, देवभाताचा घरच्या भाताशी. तिनं भारा खाली ठेवला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हंजी लग्नं लावताय." त्या दिवसापासून वाडीत माझं काम म्हणजे भाताची लग्नं लावणं. कुणी विचारलं की बाई कुठायत, तर उत्तर यायचं, "हायत तळ्यावर. सोयरीक जुळवत्यात."

लग्न लावणं सोपं नव्हतं, आणि त्यासाठी फुलोऱ्याच्या दिवसांत रजा काढून राहावं लागायचं. भाताच्या एका फुलात सहा पुंकेसर असतात, राईच्या दाण्याएवढ्या जागेत. फूल उमलायच्या आत टरफलाचं टोक कात्रीनं छाटायचं, चिमट्यानं ते सहाही काढायचे, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये, मग वर पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास भाताची फुलं तासाभरापुरती उघडतात, तेवढ्यात दुसऱ्या ओंबीचे परागकण आणून झटकायचे. त्या तासाला पाऊस आला की सगळं फुकट. पन्नास फुलं छाटावीत तेव्हा सात-आठ दाणे भरायचे. मान आखडायची. डोळ्यांपुढे पिवळे ठिपके नाचायचे. मावशी शेजारी उकिडव्या बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "एवढ्या खटाटोपात मानसाचं जमलं असतं." माझं लग्न झालेलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी त्यांनी मला एक खाचर दिलं. खाचर म्हणजे उताराला बांध घालून केलेला भाताचा वाफा. हे त्यांच्या घरामागे होतं, कोपऱ्यातलं, दोन खोल्यांएवढं. भाडं घ्यायला तयार नव्हत्या. त्यांच्या घरात राबणारं माणूस त्या एकट्याच. नवरा गेलेला, मुलगा नारायणगावला एका बागायतदाराकडे कामाला. त्यांचं स्वतःचं मोठं खाचर तळ्याच्या खालच्या अंगाला होतं, त्यात रायभोग जातीचा भात लावायच्या. माझ्या खाचरात मी माझे संकराचे दाणे टोकले, ओळीनं, प्रत्येकाला पत्र्याची चिठ्ठी. आणि एकच अट घातली: या शेतातलं काहीही उपटायचं नाही. कुठलं रोप कुठल्या बापाचं, ते कसं वाढतं, दाणा गाळतं की धरतं, हे सगळं मला मोजायचं होतं. उपटलं की हिशेबच संपला.

ही अट मावशींना किती जड गेली हे मला तेव्हा समजलं नाही. घाटघरच्या बायकांची अब्रू खाचरात असते. श्रावणात खुरपणीला बायका चिखलात वाकून सरकत जातात आणि भाताच्या चुडातून, रोपांच्या झुबक्यातून, देवभाताचं रोप नेमकं उपसून काढतात. त्या वयात दोन्ही रोपं सारखीच हिरवी दिसतात. मी भिंग लावून, पानाच्या देठाशी असलेला पापुद्रा मोजून ठरवायचे, त्याला प्रत्येकी दोन-तीन मिनिटं लागायची. मावशी पान बोटांतून ओढायच्या. "ह्यो खरबरतो," म्हणून उपटायच्या. मी शंभर रोपांवर त्यांची परीक्षा घेतली, वहीत लिहूनही ठेवलं. माझ्यापेक्षा त्यांच्या चुका कमी निघाल्या. तरी काही रोपं त्यांनाही फसवायची. ओंबी बाहेर आल्यावरच कळायचं की हा देवभात. तेव्हा त्या चिडायच्या. "आपल्यातच ऱ्हातो आन् आपल्यावानीच दिसाया लागतो, मेला." ते दाणे त्या वाया घालवायच्या नाहीत. पिकायच्या आत ओंब्यांची टोकं एकत्र बांधून ठेवायच्या आणि गळणारे दाणे सुपात झटकून घ्यायच्या, पुढच्या सालच्या ऋषिपंचमीसाठी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. हा कुणी नांगरून पेरलेला नाही, म्हणून हा चालतो.

तर अशा गावात माझं खाचर. पाचव्या वर्षी त्याची अवस्था बघवत नव्हती. रोपं एकमेकांत शिरलेली, काही कमरेएवढी, काही आडवी लोळणारी, मध्ये लव्हाळा आणि नाना तऱ्हेचं तण. मला ते जगातलं सगळ्यात सुंदर शेत वाटायचं. आईबापांची पहिली धरून पाचवी पिढी उभी होती. सर, म्हणजे पुण्यातले माझे मार्गदर्शक, पहिल्यांदाच खूश होते. या वर्षाची ओंबी हाती आली की पुढच्या वर्षीची सहावी पिढी, की प्रबंध. माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती आणि एकच वर्ष वाढवून मिळणार होतं. कॉलेजातही वरची जागा डॉक्टरेटवर अडली होती. सगळं त्या दोन खोल्यांएवढ्या चिखलात होतं.

त्या श्रावणात मला कावीळ झाली. निरगुडसरच्या घरात महिनाभर उसाचा रस आणि मूगडाळ यांवर पडून होते. नजरेसमोर सारखं खाचर. जनावरं शिरली तर? बांध फुटला तर? तेव्हा घाटघरला फोन नव्हता. मी भावाला जुन्नरपर्यंत पिटाळलं आणि मुक्कामी गाडीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली. चार ओळी. मला कावीळ झालीय, महिनाभर येता येणार नाही, काळजी करू नका, शेताचं तेवढं बघा.

शेताकडे नुसतं बघा, असं लिहायला हवं होतं. पण आजारी माणूस बोलतो तसं लिहितो.

भाद्रपदात, डोळ्यांचा पिवळेपणा जरा उतरल्यावर, मी घाटघरला गेले. गाडीतून उतरले तर मावशी स्टँडवरच होत्या, शेजारच्या दोघीतिघी बरोबर. सगळ्यांचे चेहरे फुललेले. "चला," म्हणाल्या, "आदी शेत बघा, मग च्या." आजारपणातून उठलेल्या माणसाला दाखवायचं म्हणून मुद्दाम आल्या होत्या.

खाचर आरशासारखं स्वच्छ होतं. उपटलेलं सगळं बांधावर कुजत पडलेलं. पत्र्याच्या चिठ्ठ्यासुद्धा गोळा करून, धुऊन, एका डब्यात भरून ठेवल्या होत्या. चिखलात नीटनेटकी, अंतराअंतरावर, भाताची रोपं डुलत होती. दोनशेच्या वर रोपांपैकी साठ-सत्तर उरली असतील. कुठलं कुणाचं, आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

तिथं पडकई म्हणून पद्धत आहे. एकाच्या शेतावर सगळ्या घरांतून एकेक माणूस जातो, त्या दिवसाचं काम उरकतात, मग दुसऱ्याच्या शेतावर. ज्यानं बोलावलं त्यानं प्रत्येकाच्या शेतावर उलट जायचं. पैशाचा संबंध नाही. एखादं घर आजारी पडलं तर त्याचं शेत आधी घेतात. माझी चिठ्ठी शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवली आणि मावशींनी नऊ घरं बोलावली. बाई आजारी, बाईंचं शेत तणानं मेलेलं, बाईंनी स्वतः लिहिलंय की शेताचं बघा. नऊ माणसं दिवसभर माझ्या खाचरात वाकली होती. कधी नव्हे ते त्यांनी मला आपल्यातलं घर धरलं होतं.

हे मी आज शांतपणे लिहितेय. त्या दिवशी मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण "अडाणी" हा शब्द मी वापरला हे आठवतं. पाच वर्षं मातीत घातलीत, म्हणाले. कुणी सांगितलं होतं तुम्हाला, म्हणाले. शेजारणी एकेक करून निघून गेल्या. मावशी तेवढ्या उभ्या राहिल्या. "तुमीच चिट्टी धाडली व्हती, बाई," एवढंच बोलल्या. मी मुक्काम न करता, जुन्नरला परतणारी एक जीप मिळाली तिच्यात बसून निघून आले. चिठ्ठ्यांचा डबा तेवढा उचलला. अजून आहे तो.

त्यानंतर दोन-अडीच महिने मी तिकडे फिरकले नाही. सगळ्यांना सांगायचे की डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. खरं तर रुसले होते, आणि रुसायला माझ्याकडे भरपूर रजा शिल्लक होती. रविवार आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. भाऊसुद्धा त्या दिवसांत गवतावरून काही बोलला नाही, यावरून माझी दशा समजावी.

दिवाळी झाल्यावर गेले ते फक्त उरलंसुरलं आवरायला. खाचरात माझी रोपं वाळून उभी होती. काहींच्या ओंब्या भरलेल्या होत्या, मान टाकून वाकलेल्या. बाकीच्या नुसत्या काड्या, दाणा एकही नाही. खाली चिखल वाळून भेगाळला होता आणि भेगांमध्ये कुसळं अडकली होती. मी बांधावर बसले आणि हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडत गेला.

रिकाम्या काड्यांत देवभाताचाच वारसा होता. नऊ माणसांनी, सगळ्यांत तरबेज बोटांनी, पान न् पान ओढून शोधलं आणि तरीही ही रोपं सुटली, कारण ती रोप असताना हुबेहूब घरच्या भातासारखी दिसत होती. निवड झाली होती. माझ्या भिंगानं नव्हे, खुरपणाऱ्या हातांनी. हजारो वर्षं हे हात हेच करत आलेत आणि त्यांच्यापासून लपता लपता देवभात घरच्या भाताचं रूप घेत गेला. मावशी चिडून म्हणायच्या तेच. त्या रोपांचं बी माझ्या हाती असतं, ते पुढच्या साली पेरून दाखवलं असतं, तर माझ्या आधीच्या पाच वर्षांपेक्षा मोठी गोष्ट सांगता आली असती. फक्त आश्विनात, दाणे गळायच्या आठवडाभर आधी, तिथं हजर राहून ओंब्यांना पिशव्या बांधायला हव्या होत्या. मी तेव्हा निरगुडसरला भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

रडू आलं. उगाच लपवत नाही. मोठ्यानं रडले, कुणी नव्हतं म्हणून.

सरांना पुण्यात जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "नोंदी आहेत का? कुणी किती उपटलं, कुठलं उपटलं?" नव्हत्या. "मग ही गोष्ट झाली. प्रबंध नाही झाला." ते चुकीचं बोलत नव्हते. मग आम्ही उरलेल्या एका वर्षात बसवता येईल असा वेगळाच विषय बसवला: तळ्यातल्या देवभाताचे परागकण वाऱ्यानं आजूबाजूच्या खाचरांत किती जातात आणि त्यामुळे शेतात रानटी रोपं किती वाढतात. तळ्यापासून पावलं मोजायची, प्रत्येक खाचरात चौकट टाकायची, आतली रोपं मोजायची. पोटार्थी काम होतं.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा मावशींकडे उतरले. माफी मागायची असं गाडीत ठरवलं होतं. त्यांनी दारातच पाण्याचा तांब्या दिला, तब्येत विचारली, "आता रस पीत जाऊ नगा, रस्त्यावरचा," असं बजावलं आणि विषय संपला. मला वाटलं, विसरल्या. नऊ घरंही विसरली असं मी धरून चालले. वाडीत कुणी मला काही बोललं नाही, आणि मीही कुणाला काही बोलले नाही. सोयीचं होतं ते.

त्या वर्षीच्या मोजणीत एक आकडा मात्र उठून दिसला. मावशींच्या मोठ्या खाचरात, तळ्याच्या खालच्या अंगाच्या, देवभात एकदम वाढला होता. आधीच्या वर्षांत तिथं औषधालाही सापडत नसे. आता चौकटीत निम्मी रोपं तीच, आणि काही मिश्र वाटणारी. खाचर तळ्याच्या पूर्वेला, वारा पश्चिमेचा, नाणेघाटातून सुसाट येणारा. आकडा हातात पडताच माझ्या मनानं उडी मारली. सरांनाही तो आवडला. त्यावर प्रबंधात दीड पान आहे: वाऱ्याची दिशा, तळ्यापासूनचं अंतर, फुलं उघडण्याची वेळ. भाताचा परागकण काही मिनिटंच जिवंत राहतो ही अडचण मी एका उपवाक्यात निभावून नेली. सगळ्या प्रबंधात जरा जीव असलेलं तेवढंच एक प्रकरण. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी त्याचंच कौतुक केलं आणि मी डॉक्टर झाले. भावानं गावात पेढे वाटले. "गवताची डॉक्टर," म्हणाला, पण डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं फार नाही. वरची जागा मिळाली. तास, पेपर तपासणं, परीक्षांच्या ड्युट्या, समित्या. दोन हजार सालानंतर भाताचं काम करणारे लोक प्रयोगशाळेत बसून आठवड्याभरात असं काही सांगू लागले, जे मला सहा पावसाळ्यांत कळलं नसतं. दाणा गळायला लावणारी नेमकी जागा कोणत्या गुणसूत्रावर आहे, वगैरे. वाचून आनंद व्हायला हवा होता. मला थकवा यायचा. चष्म्याचा नंबर वाढला, मान कायमची धरली. चिमट्यानं सहा पुंकेसर काढणं मुलांना दाखवताना हात थरथरायला लागला, तेव्हा ते प्रात्यक्षिक मी सहकाऱ्याकडे दिलं.

वर्षातून एकदा शेवटच्या वर्षाच्या मुलांना घेऊन नाणेघाटात सहल जायची. एका सहलीला मुलं घाट बघायला गेली आणि गुडघ्यांमुळे मी मावशींच्या ओट्यावर बसून राहिले. मावशी आता पार वाकल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बोटं तेवढी शाबूत. सूपभर तांदूळ न बघता निवडत होत्या. सून चहा घेऊन आली. मी सहज म्हटलं, मावशी, तुमची कंबर एवढी कशी हो गेली?

मावशी बोलायच्या आत सूनच बोलली. "कशी म्हंजी? तुमच्या पडकईपायीच की. मी तवा पयल्या बाळातपनाला म्हायेरी व्हते. नऊ घरांचं नऊ दिस, ह्या एकल्या फेडत फिरल्या."

"गप गं," मावशी म्हणाल्या.

पण सून गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. बरीच वर्षं साठलेलं असावं. त्या श्रावणात नऊ घरांनी माझ्या खाचरात घालवलेला दिवस मुळात मावशींच्या पाळीचा होता. त्यांच्या स्वतःच्या मोठ्या खाचराची खुरपणी त्या दिवशी व्हायची होती. माझी चिठ्ठी आली म्हणून त्यांनी आपली पाळी मला दिली. आणि मग बोलावणं त्यांचं, म्हणून उलट जाणंही त्यांनाच. मी आधी काविळीनं आणि मग रुसून घरी पडले होते तेव्हा मावशी त्या नऊ जणांच्या शेतात एकेक दिवस वाकत होत्या. स्वतःच्या शेतात उतरायला फुरसतच झाली नाही.

"मग तुमचं शेत?" मी विचारलं. उत्तर मला कळून चुकलं होतं, तरी विचारलं.

"ऱ्हायलं तसंच. देवभात पिकला, गळला, आन् दुसऱ्या साली समद्या खाचरात त्योच," सून म्हणाली. "घरात भात आला न्हाई त्या साली."

मावशी हसल्या. दात नसलेलं, मोकळं हसू. "सुपात झटकून आनायचा आन् खायाचा. आमची रोजच ऋषिपंचमी व्हती, बाई."

माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच. म्हणाले, "मावशी, मी तर पुस्तकात लिहिलंय, की वारा तळ्याकडून येतो म्हणून तुमच्या शेतात देवभात वाढला."

मावशींची बोटं सुपात थांबली. त्यांनी यावर खरोखर विचार केला, पहिल्या दिवशी भारा खाली ठेवून केला होता तसा. मग म्हणाल्या, "वारा तर समद्यांच्याच शेतात शिरतो की."

त्यांच्या खाचराला लागून, तळ्यापासून तेवढ्याच पावलांवर, त्याच वाऱ्यात, शेजाऱ्यांचं एक खाचर होतं. त्या वर्षी मी तेही मोजलं होतं. त्यात देवभात जवळजवळ नव्हताच. आकडा जुळत नव्हता, म्हणून मी तो तक्त्यातून गाळला. सरांना सांगितलं नाही, परीक्षकांना सांगितलं नाही, मलाही पुन्हा कधी आठवू दिलं नाही.

"हो, शिरतो खरा," मी म्हणाले.